बाईंच्या घराची किल्ली

४ जानेवारी

बारक्या,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. फोन कापता येतो, पाकीट मात्र फेकायच्या आधी एकदा तरी हातात घ्यावं लागतं. वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरले म्हणून राहिलं असं समजू नकोस.

काल संध्याकाळच्या तुमच्या बातम्या अख्ख्या वसाहतीने बघितल्या. आपल्या काचकारखान्याची बातमी येणार असं दुपारपासून खाली पट्टीत फिरत होतं, म्हणून केबलवाल्याने दुकानातला टीव्ही रस्त्याकडे तोंड करून ठेवला. आई पुढे खुर्ची टाकून बसली. बातमीशी तिला काही घेणंदेणं नाही, शेवटी तुझं नाव येतं का तेवढंच बघायचं असतं.

निवेदक म्हणाला, "बंद पडलेल्या कारखान्याच्या वसाहतीतल्या रहिवाशांनी घरं सोडायला सुरुवात केली असून किल्ल्या कंपनीच्या हवाली होत आहेत." आणि पडद्यावर कोण, तर आपल्या बाई! तुला मला बाराखडी शिकवणाऱ्या बाई, स्वतःच्या दारात उभ्या राहून, छान हसून, कुणा पुरुषाच्या हातावर किल्ली ठेवताहेत. माणूस दिसत नाही. नुसता हात.

 मग फिटरकाका म्हणाले, "वा! पहिला हात वर करणारीनेच पहिली किल्ली दिली." आणि निघून गेले.

तुला वेगळं सांगायला नको, पण सांगते. जवळपास दुसरी घरं मिळतील असं कंपनी लिहून देत नाही तोवर कोणीही किल्ली द्यायची नाही, असं वाचनालयात सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. तेव्हा पहिला हात बाईंचा वर गेला होता. तूच ते टिपलं होतंस. फिटरकाकांचा हात अर्धा वर जाऊन कान खाजवायला वळला, तेही.

ते चित्रण आपलं आहे. दाराचा रंग, कुंडी, मागे लोळणारं मांजर, सगळं माझ्या ओळखीचं आहे. मी तापाने पडले होते आणि तू एकटाच कॅमेरा घेऊन गेलास, त्या दिवसाचं. कॅमेऱ्यातलं ते कार्ड मला परत दिलंच नाहीस. चॅनलवाल्यांची नोकरी धरलीस आणि पिशवीत घालून घेऊन गेलास.

ज्याचं चित्रण त्याला आधी दाखवायचं, त्याने मान डोलावली तरच बाहेर न्यायचं. इतकी वर्षं एवढ्या एका नियमावर लोकांनी मला घरात घेतलं. तुला स्वयंपाक नसेल शिकवला, हे शिकवलं होतं.

ते अख्खं चित्रण पाठव. आधीचं, नंतरचं, आवाजासकट. बाई किल्ली कोणाला देताहेत ते मला बघायचंय.

ताई

ता. क. आई हल्ली दाराला कडी लावत नाही. म्हणते, वारा येतो. मी भांडून भांडून थकले.


११ जानेवारी

बारक्या,

आठवडा गेला. तुझ्याकडून एक अक्षर नाही.

आज सकाळी कॅमेरा घेऊन निघाले. फिल्मचं शेवटचं काम राहिलंय, वसाहत आहे तोवर वसाहतीची माणसं टिपून ठेवायची. शिवणवालीच्या दाराशी गेले तर तिने मशीनवरून मान वर न करता सांगितलं, "बातमीबाई, आज नको हं. आमच्या घरातलं चित्र कुठे जाऊन कसं निघेल सांगता येत नाही." हिच्याच मशीनखाली बसून तू शाळेचा अभ्यास केलास! पुढच्या दोन घरांनी मला बघून पडदे ओढले. मी पण जिद्दीची. रस्त्याच्या मधोमध तिवई लावून उभी राहिले, तर सायकलवाले मला वळसा घालून जायला लागले. तासभर रिकाम्या रस्त्याचं चित्रण केलं आणि घरी आले.

माझं जाऊ दे, मी कातडी जाड करून घेतलीय. बाईंचं बघवत नाही. संध्याकाळच्या वाचनवर्गाला एकही मूल येत नाही. बाई सतरंजी घालतात, पुस्तकं मांडतात, दार उघडं ठेवून बसतात. अंधार पडायला लागला की सतरंजी झटकतात. तिच्यावर कोणी बसलेलं नसतं, तरी झटकतात. नळावर बाई गेल्या की बोलणं थांबतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, "बाईंनीच दिली, मग आपण कशाला धरून बसायचं?" असं म्हणत दोन घरांनी खरोखरच किल्ल्या देऊन टाकल्या.

मी बाईंना तोंडावर विचारलं. म्हटलं, "बाई, कंपनीचा माणूस आला होता का तुमच्याकडे?" तर म्हणाल्या, "नाही." "मग किल्ली कोणाला दिलीत?" तर म्हणाल्या, "ज्याला दिली त्याला माहीत आहे." आणि मांजराला हाक मारत आत गेल्या. आता याला काय म्हणायचं?

माझा जीव थाऱ्यावर नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं कळत नाही. आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय. या वसाहतीतली पहिली बातमी मी कशावर लिहिली आठवतंय ना? नळाजवळच्या भिंतीवर टांगलेल्या फळ्यावर. 'उद्या पाणी उशिरा.' तू खाली माझा पाय धरून उभा होतास, मी स्टुलावरून पडू नये म्हणून. फळा शाळेने टाकून दिलेला होता आणि खडू बाईंनी दिले होते. म्हणाल्या होत्या, "लिही, पण जे लिहिशील ते खाली उभ्या असलेल्या माणसाला तोंडावर सांगता आलं पाहिजे." माझं सगळं शिक्षण तेवढंच. मग केबलवरच्या रविवारच्या बातम्या आल्या, मग भट्टीवाल्यांच्या डोळ्यांच्या दुखण्यावरची फिल्म आली, तिचं कौतुक झालं, परगावची माणसं भाषणं द्यायला बोलवायला लागली. फळ्यापासून इथवर मी आले ते त्या एका वाक्यावर. अजूनही फिल्मच्या पहिल्या खेळाला मी पडद्याकडे बघत नाही. कॅमेरा उलटा फिरवून बघणाऱ्यांची तोंडं टिपते. खोटं असलं की तिथे आधी कळतं.

तुझ्या त्या एवढ्याशा तुकड्याने काय करून ठेवलंय ते तुला तिथे बसून दिसायचं नाही. चित्रण पाठव.

ताई


१५ जानेवारी, सकाळ

बारक्या,

आलं तुझं पत्र. पत्र कसलं, चार ओळी. 'ताई, एवढं काय झालं? भरीचं चित्र होतं. अशी रोज कितीतरी जातात. ते कार्ड आता सापडत नाही. आईला नमस्कार.'

आईला मी सांगितलं, भरीचं चित्र म्हणजे काय. निवेदक बडबडत असताना पडदा रिकामा राहू नये म्हणून कुठलंतरी जुनं, जवळपासचं चित्रण टाकतात ना, ते. किल्लीची बातमी आहे, चला, किल्लीचं चित्र टाका. आई म्हणाली, "म्हणजे बसमध्ये जागा धरायला रुमाल टाकतात तसं?" मी म्हटलं, अगदी तसं. तर म्हणते, "पण बाई म्हणजे काय रुमाल आहेत का?"

हे तिचं उत्तर. माझ्या उत्तरात शिव्या होत्या, म्हणून लिहीत नाही.

आणि कार्ड सापडत नाही? तुझ्याकडे? पेन्सिलीच्या टोकालासुद्धा चिठ्ठी लावून ठेवणारा तू! लहानपणी खोटं बोलताना तू नेहमी शेवटी आईचं नाव घ्यायचास. अजून तीच खोड आहे.


१५ जानेवारी, दुपार

पाकीट बंद केलं होतं, फोडलं.

केबलवाल्याकडे तुमच्या त्या बातम्यांची नक्कल होती. पोटात राग होताच, म्हटलं पुन्हा बघू. त्याच्या दुकानात बसून एकेक चित्र थांबवत बघितलं.

हात कुठून येतो ते तू बघितलंयस का? बघितलंच असशील. हात पडद्याच्या खालून येतो. म्हणजे कॅमेऱ्याच्या मागून. कंपनीचा माणूस बाईंच्या दारात उभा असता तर त्याची पाठ दिसली असती, निदान खांदा तरी. अख्खी वसाहत बघत होती आणि मीही त्यांच्यातच उभी होते. इतकी वर्षं हे काम करते आणि माझ्या डोळ्यांवर कातडं ओढल्यासारखं झालं होतं. चित्र थांबवलं तेव्हा अंगठा दिसला. अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा डाग आहे. भट्टीच्या फिल्मच्या वेळी गरम दिवा उघड्या हाताने काढायला गेला होतास, त्याचा. मलम मीच लावलं होतं.

एका हातात कॅमेरा धरून दुसऱ्या हाताने बाईंकडून किल्ली तूच घेतलीस.

कार्ड का सापडत नाही ते कळलं. चपला घालतेय, बाईंकडे जाते.


१६ जानेवारी

बारक्या,

गेले होते. बाई कुंडीत पाणी घालत होत्या. मी दारातूनच म्हटलं, "बाई, तो हात आमच्या बारक्याचा आहे."

"कळलं का एकदाचं," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तू आणखी उशीर लावशील."

त्यांनी सांगितलं ते असं. आवारात कुठेतरी काम निघालं तर घर बंद राहील आणि तुझं चित्रण अडेल, म्हणून त्यांनी स्वतःहून तुला दुसरी किल्ली दिली. वर म्हणाल्या, "मी नसले तरी आत जा, हवं ते टीप, फक्त मांजराला बाहेर सोडू नकोस." त्यावर तू काहीतरी बोललास आणि त्या हसल्या. तेच हसू तुमच्या चॅनलवर गेलं.

मी तर तिथेच नाचायला लागले. म्हटलं, "बाई, आज रविवारच्या बातम्यांची तयारी करते. हात मोठा करून दाखवते, डाग दाखवते, फिटरकाकांना पहिल्या रांगेत बसवते."

"मला विचारून दाखवायचं, असा तुझा नियम आहे ना?"

"आहे."

"मग विचार."

"दाखवू?"

"नको."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "अहो बाई, मुलं येत नाहीत, नळावर कोणी बोलत नाही, आणि तुम्ही नको म्हणता?" तर म्हणाल्या, "वर्गात मी कधी कोणाचं नाव घेतलं होतं?"

आठवतंय? काच फुटली, शाई सांडली, कोणाची वही पळवली, की बाई शिकवणं थांबवायच्या. खडू हातात धरून फळ्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. "ज्याने केलं त्याने उभं राहावं." बस्स, एवढंच. मग घंटा होईपर्यंत तशाच. कोणी बोट दाखवलं तर बोट दाखवणाऱ्याचीच रवानगी मागच्या बाकावर. एकदा तू मधली सुट्टी होऊन गेली तरी उठला नाहीस. सगळ्या वर्गाच्या पोटात कावळे ओरडत होते. शेवटी उठलास तेव्हा बाईंनी ना मारलं, ना रागावल्या. फक्त म्हणाल्या, "बस." आणि पुढचा धडा सुरू.

मी म्हटलं, "बाई, तो आता मिशीवाला झालाय. मोठ्या ऑफिसात बसतो."

"मिशी आली म्हणून उभं राहता येत नाही का?"

म्हणजे खरं काय ते मला माहीत आहे आणि मी ते सांगू शकत नाही. फळ्यावर पाण्याची वेळ लिहायला लागले तेव्हापासून आजवर कळलेली बातमी मी एक दिवस पोटात ठेवलेली नाही. आता जेवण जात नाही. फिटरकाका समोरून आले की ओठ आतून चावून धरते.

हे सगळं एका माणसाच्या उभं राहण्यावर अडलंय. तुझ्या.

ताई


२४ जानेवारी, तुझ्या ऑफिसच्या खाली

मी आलेय. तुझ्याच इमारतीच्या तळमजल्यावर बसून लिहितेय. इथली खुर्ची इतकी मऊ आहे की बसलेला माणूस आपला आपण उठू शकत नाही. बहुतेक त्यासाठीच ठेवली असणार.

पहारेकऱ्याने वर फोन लावला. म्हणाला, "मावशी, ते मीटिंगमध्ये आहेत." मला मावशी म्हणाला. मी म्हटलं, "मी त्यांची बहीण आहे, आणि तुमची मावशी नाही." तर बिचारा ओशाळला आणि पाणी घेऊन आला. भिंतीवर चार टीव्ही लावलेत, चारही आवाज बंद करून. एका बातमीत पूर दाखवताहेत. पाणी चढतंय, माणसं छपरावर बसलीयत. कुठला पूर, केव्हाचा, देव जाणे. मी ती माणसं बघत बसले. त्यांना कोणी विचारलं असेल का?

इतक्यात लिफ्ट उघडली आणि मला तू दिसलास. आत उभा होतास, गळ्यात ओळखपत्र, हातात कॅमेरा. तूही मला बघितलंस. लिफ्ट बंद झाली आणि वर गेली. खाली येत होती ती, बारक्या. वर कशी गेली?

मी रडले नाही. पहारेकरी म्हणाला, "ताई, चहा सांगू का?" मावशीची ताई झाले, तेवढीच आजची कमाई.

खरं सांगू? वाट अडवून तुझी कॉलर धरायची म्हणून आले होते. तुला बघितल्यावर पहिलं मनात काय आलं असेल, तर किती वाळलाय हा. कॅमेऱ्याचा पट्टा अजून मनगटाला दोन वेढे देऊन धरतोस, मी शिकवला तसा. मला तुझी आठवण येते, गाढवा. चित्रणाला एकटी जाते तेव्हा वायरी गुंडाळताना मागे वळून हाक मारते, आणि मग मीच माझ्यावर चिडते.

नोकरी जाईल म्हणून घाबरतोस, ते मला कळतं. तू ते दिलंस तेव्हा तुझ्या मनात वाईट नव्हतं, हेही कळतं. डोक्यावर कोणीतरी ओरडत असणार, किल्लीचं काहीतरी दे म्हणून, आणि तू हाताला लागलं ते दिलंस. पण आता तू झोपेत नाहीस. आता सगळं माहीत असून गप्प बसला आहेस.

हे पत्र पहारेकऱ्याकडे देते. तो वर आणून देईल. त्याला काका म्हणू नकोस.

ताई


३० जानेवारी

बारक्या,

थोडक्यात लिहिते.

बाई चालल्या. भाचीकडे, कायमच्या. ट्रंक दाराशी आणून ठेवलीय. म्हणतात, वर्गच नाही तर सतरंजी कोणासाठी घालू? सोमवारी कंपनीचा माणूस किल्ली न्यायला येणार.

कळतंय का तुला? सोमवारी बाईंनी किल्ली दिली की तुमची खोटी बातमी खरी होईल. मग हात कोणाचा होता हे सांगून काही उपयोग नाही. लोक म्हणतील, बघा, आम्ही म्हणतच होतो. बाई जन्मभर त्या चित्रातल्या बाई होऊन बसतील. फिटरकाकांच्या बाजूची आणखी घरं निघायला टेकलीयत, तीही जातील.

रविवारी दुपारी वाचनालयात मी जुन्या बातम्यांचा खेळ ठेवलाय, बाईंसाठी. कोणी आलं नाही तर आई, मी आणि बाई बघू. बाईंना म्हटलं, पुढच्या रांगेत बसा, माझ्यासाठी. त्या हो म्हणाल्या.

याच्यापुढे मी तुला काही सांगणार नाही. बोट दाखवणाऱ्याला मागच्या बाकावर बसावं लागतं.

ताई


१२ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

बघ, लिहिलं 'प्रिय'. आता शेफारू नकोस.

तुझं पत्र मिळालं. साहेबांनी कॅमेरा काढून घेतला आणि तुला टेबलाच्या कामाला बसवलंय, हे वाचून आईने तुमच्या साहेबांचा जो उद्धार केला तो कागदावर मावणार नाही. तुमच्या चॅनलने खुलासा दिला म्हणे. दिला खरा. बातम्यांच्या खालच्या पट्टीतून तो असा पळाला की आईला चष्मा सापडेपर्यंत गायब. केबलवाल्याने नक्कल ठेवलीय, तेव्हा वाचला.

आता तुला न दिसलेलं सांगते. त्या दिवशी तू खेळ अर्ध्यावर आला असताना आत आलास, खांद्यावर पिशवी, आणि मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलास. लोक मोजकेच होते. फिटरकाका फुकटचा खेळ म्हणून दारात उभे होते. तू म्हणालास, "बाई, किल्ली मी घेतली होती." तेही असं पुटपुटत की मलाच धड ऐकू आलं नाही. केबलवाल्याने खेळ थांबवला. बाईंनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाल्या, "मागच्या बाकांना ऐकू गेलं नाही."

मग तू बोललास. मान खाली घालून, पण मोठ्याने. हात माझा आहे, कंपनीचा नाही. चित्रण करता यावं म्हणून बाईंनी मला विश्वासाने किल्ली दिली. चॅनलला ते मीच दिलं, बाईंना न विचारता. तायडीने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. किल्ली अजून माझ्याकडे आहे, ही बघा.

तुला जमिनीवरची फरशी दिसत होती. मला बाई दिसत होत्या, कारण पहिल्या खेळासारखा मी कॅमेरा उलटा लावला होता, बघणाऱ्यांकडे. तुझा आवाज आला तसे बाईंनी डोळे मिटले. खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरली. आणि बारक्या, त्यांचे ओठ हलत होते. कविता पाठ म्हणून घेताना त्या आपल्याबरोबर आवाज न करता म्हणायच्या ना, आपण अडखळलो तर शब्द पुरवायला, अगदी तसे. तू 'न विचारता' पाशी अडकलास तेव्हा त्यांची मान पुढे झाली. तू तो शब्द उच्चारलास आणि त्यांनी खुर्ची सोडली. मग डोळे उघडले, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "बस."

शेजारी रिकामी खुर्ची असून तू सरळ जमिनीवर बसलास. शिवणवाली फिस्सकन हसली आणि मग रडायलाच लागली. तू सरकत पुढे जाऊन किल्ली द्यायला लागलास, तर बाई म्हणतात, "चित्रण पुरं झालं का तुझं?" तू म्हणालास, "नाही." "मग ठेव. मांजराला बाहेर सोडू नकोस."

तू संध्याकाळच्या गाडीने गेलास. दुसऱ्या दिवशी सकाळी फिटरकाका बाईंच्या दारात आले, एक शब्द न बोलता ट्रंक उचलली आणि पुन्हा आतल्या खोलीत नेऊन ठेवली. जाताना म्हणाले, "यात दगड भरलेत की पुस्तकं?" माफी मागायची त्यांची हीच तऱ्हा. कंपनीचा माणूस आला तेव्हा बाईंनी त्याला पाणी दिलं आणि रिकाम्या हाताने परत पाठवला.

सगळं काही ठीक झालेलं नाही. किल्ल्या दिलेली ती दोन घरं गेली ती गेलीच, त्यांच्या दारांवर कंपनीची कुलपं आहेत. घरांचं कंपनीने अजून काही लिहून दिलेलं नाही, देईल असं दिसत नाही. पण काल संध्याकाळी बाईंकडून सतरंजी झटकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ धूळ उडाली म्हणून पोरांची खोकण्याची नाटकं. मी चहा टाकून बाहेर जाऊन ऐकत उभी राहिले. चहा उतू गेला. आईने मला बोलून घेतलं.

फिल्म आता पुरी होईल. शेवट मला सापडलाय, तो म्हणजे बाईंचा तो चेहरा. बाईंना आधी दाखवला. त्यांनी दोनदा बघितला आणि मान डोलावली. मी लगेच फिल्म बाहेर पाठवायची पेटी भरायला लागले, तेवढ्यात म्हणाल्या, "आणि त्याला दाखवलंस का? आवाज त्याचा आहे."

बघ, कशी पकडली मला. म्हणजे तू येऊन बघितल्याशिवाय ही फिल्म वसाहतीबाहेर जायची नाही. टपालाने पाठवणार नाही, माझ्या शेजारी बसून बघायची. रजा मिळत नसेल तर तुमच्या साहेबांना सांग, टेबल काही पळून जात नाही. नाहीतर ती नोकरीच सोडून ये, वायरी गुंडाळायला मला कोणी नाही.

बाईंच्या घराची किल्ली तुझ्याकडे आहेच. आपल्या घराची लागणार नाही. आईचं म्हणणं मला आता पटलंय. काल कडी मीच काढून ठेवली. वारा बरा येतो.

तुझी,
तायडी